हाडाची घोडी आणि मुंबईतले पाच दिवस

बुधवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस दादरला लागली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कपड्यांच्या पिशवीत दोन कानशी, पॉलिश पेपर, सुताचं रीळ आणि हाडाच्या चार पट्ट्या होत्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी अकरा वर्षं तंबोऱ्याचं काम करतो. मी त्या घराण्यातला नाही, शिकायला म्हणून गेलो आणि राहिलो. भोपळा कापण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सगळं येतं, पण माझ्याकडे मुख्य काम जवारी लावण्याचं. तार घोडीवर, म्हणजे तारांखालच्या हाडाच्या पट्टीवर, नेमकी कुठे टेकते आणि कुठे सुटते, त्या केसभर फटीत तंबोऱ्याचा सगळा झणकार असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वर्षी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

दिवाळीनंतर मावशीच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. “तंबोऱ्याची जवारी गिटारला बसेल का रे?” दादा लालबागला राहतो, दिवसा बीकेसीत एका ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात चौघांचा बँड चालवतो. गाणी स्वतःची आणि मराठीत. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. दादाच म्हणाला, नाव नको, आमच्यासारखे खूप आहेत. त्यांचं एक नवं गाणं चाळीतल्या पाण्याच्या वेळेवर आहे. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते. तो गुणगुणता, खरखरता आवाज दादाला गिटारमधून हवा होता. गिटारचा आवाज बदलणारी पेडल लावून पाहिली, जमलं नाही. मग त्याला आमच्या कारखान्यात लहानपणी ऐकलेला तंबोरा आठवला. शनिवारी कार्यक्रम होता, म्हणून मी बुधवारीच आलो.

संध्याकाळी अंधेरीला जॅमरूमवर जायचं होतं. करी रोडहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे. साडेसहाच्या गर्दीत गिटार पाठीवर ठेवायची नसते, पोटाशी धरायची असते, हे मला तेव्हा कळलं. दादा सरळ मालडब्यात शिरला. तिथे मासळीच्या टोपल्या, डबेवाल्यांच्या रिकाम्या क्रेट आणि कोपऱ्यात आम्ही. टोपलीवाल्या मावशींनी गिटारच्या पिशवीकडे बघून स्वतःच जागा करून दिली.

जॅमरूम म्हणजे एका औद्योगिक वसाहतीतल्या पहिल्या मजल्यावरची दहा बाय चौदाची सरावाची खोली. भिंतींना फोम, जमिनीवर जुना गालिचा, एक ड्रमसेट, तीन अँप (अँप्लिफायर), एसी. तासाला पाचशे रुपये. घड्याळ दाराबाहेर लावलेलं आणि पुढचा बँड जिन्यावर बसलेला. ड्रमवाला कल्याणहून येतो, दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करतो. बेस वाजवणारी मुलगी वसईची, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. दुसरा गिटारवाला मालाडचा. चौघांना एका खोलीत आणायला रेल्वेच्या दोन मार्गांचं वेळापत्रक जुळावं लागतं. मुंबईत बँड उभा करायला आधी काय लागतं असं कोणी विचारलं, तर मी म्हणेन तासाच्या हिशेबाने मिळणारी अशी खोली. चाळीत ड्रम वाजत नाही, टॉवरमध्ये सोसायटी वाजवू देत नाही.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि पहिली पाच मिनिटं मला फक्त आवाज ऐकू आला. मग कान बसला. त्या गाण्यात सहावी तार एक स्वर खाली उतरवतात. मग खालच्या तीन तारा सा-प-सा होतात. म्हणजे निम्मा तंबोराच की! आणि त्यावर डिस्टॉर्शन. दादाने समजावलं: अँपला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरींचे शेंडे कापले जातात, आणि कापलेल्या शेंड्यांतून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. मी म्हणालो, आम्हीही तेच करतो, फक्त कानशीने. जवारीवर तार घासून सुटते तेव्हाही वरचे स्वर फुटतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच.

डिस्टॉर्शनमध्ये सा आणि प एकत्र वाजवले की खालचा सा आपोआप उमटतो, कुठलीही तार तिथे लागलेली नसताना. तो मी त्या खोलीत पोटात ऐकला. त्याच अँपवर सा आणि ग एकत्र वाजवला तर सगळं गढूळ होतं. म्हणून रॉकवाले षड्ज-पंचमाला इतके धरून असतात. आजवर ‘कानठळ्या’ हा एकच शब्द मी या संगीतासाठी वापरला होता. तो परत घेतो.

गुरुवार

पहाटे सहाला मावशीच्या मोरीतला नळ बोलला. आधी फुरफुर, मग एक लांब गुणगुण, मग खाकरल्यासारखं होऊन पाणी. मी अंथरुणात उठून बसलो. दादाला नेमकं काय हवं आहे ते आता कळलं.

दादाने सुट्टी काढली होती. मावशीचा मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे घरात सकाळपासून घट मांडायची गडबड. आम्ही धोबीतलावला गेलो, तारा घ्यायला. फुर्तादोस हे १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान, जेर महालमध्ये. भिंतभर गिटारी, पियानोच्या रांगा, आणि काउंटरवरच्या माणसाला तारेचा नंबर सांगितला की पाकीट लगेच हातात. मला सहाव्या तारेला जरा जाड तार हवी होती, कारण खाली उतरवल्यावर पातळ तार लुळी पडते आणि घोडीवर नीट सुटत नाही. याच जेर महालच्या वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे कूड आहेत. बोटीवर नोकरीला जाणारे, बँडमध्ये वाजवणारे गोवेकर मुंबईत आले की आपल्या गावाच्या कुडात उतरत. या शहराला ट्रम्पेट आणि व्हायोलिन वाजवणारे हात तिथून मिळाले. खाली १९०४ पासूनचं कयानी हे इराणी हॉटेल. मावशीच्या गुरुवारामुळे दादाने खिम्याकडे बघितलंही नाही. बन मस्का आणि चहावर भागवलं.

तिथून चार पावलांवर, झेवियर्स कॉलेजला लागून, रंगभवन. मला तिथेच जायचं होतं. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, या खुल्या रंगमंचावर व्हायची. १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला तेव्हा देशभरचे बँड वर्षातून एकदा इथे येऊन वाजवायचे आणि पोरं भिंतीवर चढून ऐकायची. रॉक मशीन हा मुंबईचा बँड १९८४ चा. परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यातच शाबासकी मिळायची, त्या काळात त्यांनी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये अल्बम काढला. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. गिटारवर महेश टिनईकर आणि गायला उदय बेनेगल. दादाने शाळेत असताना महेश टिनईकरांचं नाव कॅसेटवर वाचलं आणि त्याला वाटलं, टिनईकर वाजवू शकतात तर आपण का नाही. एका आडनावाने एवढं होतं.

रंगभवन आता गप्प आहे. आजूबाजूला कामा आणि जीटी ही रुग्णालयं, शेजारी कॉलेज. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. त्यात रंगभवन पूर्ण बसतं. रुग्णांना शांतता हवी, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण शहराने एक जागा काढून घेतली तेव्हा त्याच तोडीची दुसरी दिली नाही, हे मला त्या बंद फाटकापुढे उभं राहून फार लागलं. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात वर्षानुवर्षं संगीतसभा होते, चिंचेच्या झाडाखाली माणसं रात्रभर बसतात. ती जागा उद्या नाही म्हटली तर आमचं काय होईल, असं वाटून गेलं.

दादा एवढंच म्हणाला, “मी इथे कधीच ऐकलं नाही काही. माझ्या वेळेपर्यंत बंद झालं होतं.”

परत येताना कुलाब्याचा विषय निघाला. १९७२ मध्ये तिथल्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये लेड झेपलिन या इंग्लंडच्या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट अचानक येऊन वाजवून गेले होते. मुंबईच्या रॉकवाल्यांमध्ये ही गोष्ट आजोबांच्या गोष्टीसारखी सांगितली जाते. मला मात्र त्याच दशकातला अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा मुंबईचाच बँड जास्त जवळचा वाटला. दादाने रात्री ऐकवला. सत्तरच्या दशकात इथल्या पोरांनी गिटार अशी किंचाळवली होती!

शुक्रवार

चौघेही कामावर. मी मावशीच्या गॅलरीत बसून दिवसभर हाड घासलं.

तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिला अगदी मंद उतार असतो. गिटारला तार टेकायला फक्त धारेएवढी जागा, म्हणून तिथे जवारी लागत नाही. मी दादाच्या गिटारच्या पुलापुढे (ब्रिजपुढे), खालच्या तीन तारांखाली बसेल अशी बोटभर लांबीची पट्टी केली आणि तिला उतार दिला. एक घासा जास्त झाला तर तार मुकी होते, कमी झाला तर नुसती खडखडते. घासायचं, बसवायचं, तार लावायची, ऐकायचं, काढायचं. पहिली पट्टी वाया गेली. दुसरीतही एक दोष राहिला, तो जायचा नाही हे मला माहीत होतं: पट्टी पुलाच्या पुढे आल्याने तारेची लांबी कमी होते, पडदे मात्र होते तिथेच राहतात. त्यामुळे वर वर दाबत गेलं की सूर चढा लागतो. मोकळ्या तारा छेडायला हरकत नाही, वरच्या पडद्यांवर जायचं नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शेजारी येऊन बसले. त्यांचं सगळं आयुष्य याच भागात गेलं. विशीत गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. तो परत सुटलाच नाही. साचे चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, ओठ वाचायचे आणि हातांनी खुणा करायच्या, असं ते म्हणाले. नंतर बरीच वर्षं गणपतीत बँजो पार्टीत वाजवलं. “आमचा बँजो भोंग्यातून असाच फाटायचा. फाटला नाही तर लोक म्हणायचे, आवाज लावा.” मी कानस ठेवून ऐकत राहिलो. लालबागच्या रस्त्यावर बटणाच्या बँजोला पिकअप लावून, भोंग्यातून फाडून वाजवणारी माणसं चाळीस वर्षांपूर्वी होती. दादाला हा सूर कॅसेटवरून मिळाला असं तो समजतो. मला वाटतं, तो त्याने आधी पाळण्यात ऐकला.

मावशीच्या शिवणाच्या डब्यातलं सूत मी आणलेल्या सुतापेक्षा चांगलं निघालं. तार आणि घोडी यांच्यामध्ये ते सरकवलं आणि सहावी तार छेडली. काका म्हणाले, “नळ आला वाटतं.”

रात्री दादाने त्याच्या आवडीचे बँड ऐकवले. पेंटाग्राम, ज्यात विशाल ददलानी गातात. हिंदी सिनेमाचं संगीत करत असतानाही त्यांनी हा बँड सोडला नाही आणि २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले. झीरो, ज्याचा गिटारवाला वॉरेन मेंडोन्सा पुढे ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावाने शब्दांशिवाय नुसती गिटार वाजवत राहिला. त्याची एक तान ऐकून मी ती पुन्हा लावायला सांगितली. इतका सावकाश, श्वास घेऊन वाजवणारा माणूस. आणि अभंग रिपोस्ट, ज्यांनी संतांचे अभंग गिटार आणि तबल्यासह पुन्हा उभे केले. मराठीत गायचं तर काय गायचं, हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला. दादाने वेगळी वाट धरली आहे, तो नळावर गातो.

शनिवार

चार वाजता साउंडचेक, म्हणून तीनलाच निघालो. लालबागहून करी रोडचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गाने चालत लोअर परळ. दोन्ही बाजूंना गिरण्यांच्या जुन्या भिंती आणि त्यांच्या मागे काचेच्या इमारती. याच रस्त्यावर मथुरादास मिलच्या आवारात २००७ च्या डिसेंबरात ब्लू फ्रॉग सुरू झालं होतं. मुंबईच्या बँडना चांगला आवाज, चांगला मंच आणि पैसे देणारी ती जागा, २०१६ मध्ये बंद झाली. दादाने कॉलेजात असताना तिथे उभं राहून ऐकलं होतं, वाजवायची पाळी येईपर्यंत तीही गेली. काकांची गिरणी वेगळी, पण त्या बाजूला ते पाऊल टाकत नाहीत. कार्यक्रमाला आले नाहीत. कुणी आग्रह केला नाही.

आमचा कार्यक्रम ज्या जागी होता तिथे खाली खाणंपिणं आणि मागे छोटा मंच. तीन बँड, तिकीट ४९९ रुपये, दारावर जमेल त्यातला वाटा बँडचा. ड्रमसेट जागेचा; ड्रमवाल्याने स्नेअर, झांजा आणि पेडल कल्याणहून आणलं होतं. साउंडचेकला प्रत्येकाला वीस मिनिटं. मी मंचावर गुडघ्यांवर बसून सूत लावलं. लावलं आणि पुन्हा लावलं, कारण एसी सुरू झाल्यावर जवारी बदलली. थंडीत तार आणि लाकूड आपली जागा सोडतात, हे कुठल्याही तंबोरेवाल्याला विचारा.

साडेसातचा कार्यक्रम सव्वाआठला सुरू झाला. पहिल्या बँडची केबल गेली, ती बदलण्यात वेळ गेला. साडेदहानंतर डीजे ठरलेला. दुसरा बँड उतरता उतरता व्यवस्थापक येऊन म्हणाला, “तुम्हाला पंचेचाळीस नाही, अठ्ठावीस मिनिटं.” आठ गाण्यांची पाच करायची. मंचाशेजारच्या दोन फुटांच्या बोळात चौघं उभी राहिली. सर्वांना पाठ असलेलं एक जुनं गाणं आहे, लोक तेच मागतात. मला वाटलं नवं जाणार. बेसवाली म्हणाली, “जुनं काढा. हा माणूस मिरजेहून हाडं घासत आलाय.” दादाने यादीवर रेघ मारली. तिचं ते वाक्य मला आयुष्यभर पुरेल.

पाण्याचं गाणं चौथं होतं. ड्रम थांबले, दिवे कमी झाले, दादाने मोकळी सहावी तार छेडली. आणि काहीच नाही! तार वाजली, पण झणकार गेलेला. पावसात भिजलेल्या तंबोऱ्यासारखी. मला वाटलं सूत सरकलं. मंचाच्या कडेने वाकून पाहिलं, सूत जागेवर. मग मिक्सरकडे पाहिलं आणि उलगडलं. साउंडवाल्या मुलाने खरखर ऐकून तार पडद्याला घासतेय असं समजून वरचे सगळे स्वर कापून टाकले होते. त्याची चूक नव्हती. साउंडचेकच्या वेळी मिक्सरवर दुसराच कोणी होता आणि निरोप पोचला नव्हता. कुठलाही चांगला माणूस असा आवाज आला की तेच करेल.

मी गर्दीतून वाट काढत मिक्सरपाशी गेलो. एवढ्या आवाजात काही ऐकू जाईना. काकांचं आठवलं. मी हाताने तार छेडल्याची खूण केली, मग बोटं पसरून वर नेली, आणि ओठांनी सावकाश म्हणालो, “जवारी. दोष नाही.” त्याने माझ्याकडे बघितलं, मग हळूहळू बटण फिरवलं.

तो आवाज खोलीत आला. सा, प, सा, आणि त्यांच्यावर उघडत जाणारे वरचे स्वर. गंधार मी स्वच्छ ऐकला. मग दादाने डिस्टॉर्शन दाबलं आणि खालून तो न वाजवलेला सा उठला. बारकडे पाठ करून बोलणारी माणसं वळली. सगळी नाहीत. मी मोजली होती, एकूण एकाहत्तर होती, त्यातली निम्मी पुढे सरकली असतील. दादाने ओळी गायला सुरुवात केली: सहा ते सात, हंडे, रांग, पाण्याआधी येणारी हवा. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “आमच्याकडे असंच वाजतं.” मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

शेवटच्या गाण्यात दादा सवयीने वरच्या पडद्यांवर गेला आणि सूर चढा लागला. मी सांगितलं होतं.

साडेदहाला सामान उचललं. वाट्याला ४,८०० रुपये आले. जॅमरूमचे तीन हजार आधीच गेलेले. ड्रमवाला कल्याणच्या गाडीसाठी झांजा पाठीला लावून करी रोडकडे पळाला. साउंडवाला बाहेर येऊन मला म्हणाला, “दादा, ते काय होतं ते परत सांगा.” मी फुटपाथवर बसून त्याला घोडीचा उतार काढून दाखवला. डीजे सुरू झाला होता, तरी तो पंधरा मिनिटं तिथे उभा होता.

रविवार

मटण, झोप, आणि दुपारी गॅलरीत गिटार. काकांनी ती मांडीवर आडवी घेतली, बँजोसारखी, आणि मोकळ्या तारांवर गणपतीतला एक ठेका धरला. मग परत दिली. शनिवारबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, फक्त ही पट्टी किती दिवस टिकेल एवढं विचारलं. मी म्हणालो, रोज वाजवली तर दोन-तीन महिन्यांत तारेच्या खाचा पडतील, मग पुन्हा घासावी लागेल.

दादाला अजून दोन हव्या आहेत. एक मालाडच्या गिटारवाल्यासाठी आणि एक बेसला. बेसची तार जाड, तिला रुंद घोडी लागेल, उतार अजून मंद. शिवाय तारेची लांबी जास्त, म्हणून सूर चढण्याचा दोष कदाचित कमी भासेल. करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बेसवालीने वसईहून फोनवर पट्टीने मोजून मापं सांगितली. रात्री महालक्ष्मीत वरच्या बर्थवर बसून मी ती कागदावर नीट उतरवली: चार तारा, रुंदी, पुलापासून अंतर. शेजारी मावशीच्या सुताचं रीळ ठेवलं होतं. तिने ते मलाच दिलं.